शंभरपर्यंत

यंत्र बंद पडून अकरा दिवस झाले.
आदिसहून माणूस येणार, येणार.
तोवर मी आहे, जुनं सूक्ष्मदर्शक आहे,
आणि खटक्यांची मोजणी-पेटी,
दर पेशीला एकदा कट् म्हणणारी.

गोंदर. रात्रीचे आठ.
आमचं घड्याळ सूर्यास्तापासून चालतं,
बाकीचं जग या वेळेला दोन म्हणतं.

झेनेबेच सिस्टर वरून धावत आली,
नळी मुठीत, मूठ छातीशी,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तशी.
नळीत अर्धा मिलिलिटर.
"एवढंच निघालं. टाच दोनदा टोचली. रडली नाही."
जिन्याकडे वळताना पुन्हा म्हणाली,
रडली नाही गं.

चिठ्ठीवर नाव नाही.
मुलीला नाव ऐंशीव्या दिवशी, बाप्तिस्म्याला.
आज तिसरा.
नुसतं लिहिलंय: फेंतानेशची मुलगी.
वजन एक किलो नऊशे. अंग गार. दूध ओढत नाही.
नाळेभोवती लाली.
ताप नाही.
ताप असता तर बरं होतं,
ताप निदान दार तरी वाजवतो.

थेंब काचेवर, दुसऱ्या काचेने ओढला,
मांजराच्या जिभेएवढा, तेवढाच पातळ.
फुंकर न घालता वाळू दिला.
जांभळा रंग. पाणी. पुन्हा पाणी.
तेलाचा एक ठिपका,
आणि मी आत उतरले.

लाल पेशी बाजारच्या दिवसासारख्या, खांद्याला खांदा.
त्यांच्यातून पांढरी शोधायची.
पिकलेली लगेच कळते,
पोटात तीन-चार गाठी, दोऱ्यात ओवलेल्या.
कट्.
आणखी एक. कट्.
मग एक वाकडी, गाठी न पडलेली,
रस्त्यात घोडागाडीची नाल सापडावी तशी.
कट्, डावीकडच्या खटक्यावर.
दोन सोडून पुन्हा नाल.
पुन्हा.

हाडांच्या पोकळीत यांची छावणी असते.
वयात आल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.
पण थोरले पुरे पडेनात,
की फाटक उघडतं,
ओठावरचं दूध न वाळलेलेही निघतात.
तेशागर सतरा वर्षांचा होता.
ट्रकच्या मागे उभा राहून त्याने हात केला,
बाही हाताच्या पुढे लोंबत होती, त्यामुळे
हात दिसलाच नाही, नुसती बाही

सदतीस की अडतीस?

सगळे खटके शून्यावर आणले.
पहिल्यापासून.

शंभर भरले.
एकसष्ट न्यूट्रोफिल, त्यांतल्या एकोणीस कोवळ्या.
भागाकार कागदाच्या कोपऱ्यात:
शून्य पूर्णांक एकतीस.
दोन दशांशाच्या पुढे गेलं की आम्ही पाय उचलतो.
प्लेटलेट विरळ, शोधून सापडतील इतक्या.

आकडा शपथ घेत नाही, मला ठाऊक आहे.
बाळंतपण अडलं तरी कोवळ्या पेशी बाहेर येतात,
मोजणारीचे डोळे थकले तरीही.
खरा कौल कल्चरच्या बाटलीचा, तीन दिवसांनी.
तीन दिवस म्हणजे
तिचं आजवरचं अख्खं आयुष्य.

डॉक्टर यितबारेकनी कागद पाहिला, मग मला.
"दोनदा मोजलंस?"
"दीडदा."
ते हसले नाहीत.
सिरिंज आधीच भरून ठेवलेली होती.

फेंतानेश भिंतीशी बसलेली, पदरात काही नसताना
हात पदराखालीच.
रक्तात काय निघालं, विचारलं नाही तिने.
विचारलं, अजून किती घेणार?
परवा पुन्हा, म्हटलं. एवढंच.
मी दोन बोटांत अंतर दाखवलं,
मग ते अंतर आणखी कमी केलं.

आज परवा.
यंत्राचा माणूस अजून वाटेत.
आज टोचल्यावर रडली म्हणे,
झेनेबेचच्या बाहीवर ओल आहे, कशाची ते विचारलं नाही.
नवी काच. तेल.
पहिल्या चाळिसांत नाला तीन.
मी अजून काही म्हणत नाही.
एक्केचाळीस.
कट्.